गडी बाद होण्याचा हिशेब

मराठीत ‘गडी’ हा शब्द दोन ठिकाणी सारख्याच सहजतेने वावरतो. हुतुतूच्या मैदानात उतरतो तो गडी, आणि मालकाच्या शेतावर राबतो तोही गडी. पहिला बाद होतो आणि सवंगड्यांच्या पराक्रमाने पुन्हा खेळात येतो. दुसऱ्याच्या वाट्याला काय येत असे, हे सांगणारा एक शब्द डहाणू-तलासरीच्या जंगलपट्टीने आपल्या भाषेत ठेवून दिला आहे : लग्नगडी. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढून त्या कर्जापोटी जन्मभर बायकोसह त्याच्याकडे राबणारा, असा त्याचा अर्थ.

या दोन गड्यांमधील अंतराचा विचार आम्ही येथे एका आडवाटेने करणार आहोत. ती वाट खेळाच्या नियमांतून जाते. कल्पनेच्या खेळातील पात्राचा जीव आकड्यात कसा मांडतात, तसा मांडण्याची गरज का भासली आणि त्या आकड्याने पात्राचे काय केले, हे आधी पाहू. त्यानंतर खऱ्या देहांवर आकडे लावले गेले तेव्हा काय घडले, याकडे वळू. साहित्याच्या अभ्यासकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. पात्र म्हणजे काय आणि ते मरते म्हणजे काय, हा त्याच्या घरचाच प्रश्न आहे.

आरंभ घरच्या खेळापासून करू. कबड्डीचे नियम विसाव्या शतकात लेखी स्वरूपात आले, तेव्हा तिचे तीन प्रकार नावांनिशी वेगळे केले गेले : संजीवनी, गामिनी आणि अमर. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला एक बाद गडी जिवंत होतो. गामिनीत एकदा बाद झालेला गडी, सगळा संघ बाद होऊन लोण चढेपर्यंत, बाहेरच बसतो. अमर प्रकारात गडी बाद होऊनही मैदान सोडत नाही. प्रतिपक्षाच्या नावावर एक गुण मात्र मांडला जातो. जीव मोजण्याच्या तीन निरनिराळ्या कल्पना येथे एकाच खेळात शेजारी उभ्या आहेत. संजीवनीत मरण परतवता येते, गामिनीत ते साचत जाते, आणि अमरमध्ये त्याचे रूपांतर निव्वळ नोंदीत होते. शाळेच्या पटांगणात यांपैकी संजीवनीच रूढ झाली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आणि मुलांच्या खेळांत आणखी एक अलिखित पद आहेच : लिंबूटिंबू. जो लहान आहे, धडपणे पळू शकत नाही, त्याला खेळात तर घ्यायचे, पण बाद धरायचे नाही. दुबळ्यासाठी नियम वाकवण्याची ही रीत कोणत्याही नियमपुस्तकापेक्षा जुनी असावी.

आमच्या कथापरंपरेत मात्र जीव मोजण्याची चाल नाही. महाभारतातील कोणत्याही वीरापाशी किती जीव उरला आहे, असा प्रश्न विचारता येत नाही. विचारता येते ते एवढेच की, त्याचे मरण कोठे आहे आणि कोणत्या अटीवर आहे. कर्णाचे कवचकुंडलांशी बांधलेले, दुर्योधनाचे मांडीशी, भीष्माचे त्याच्या स्वतःच्या इच्छेशी. आणि जरासंधाच्या देहाचे दोन तुकडे विरुद्ध दिशांना पडल्याखेरीज तो मरत नाही. लोककथेत ही अट देहाबाहेरच जाते. राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात, हे आपण सर्वांनी लहानपणी ऐकले आहे. मेरी फ्रिअर यांनी अ‍ॅना लिबराता डिसूझा या आयेच्या तोंडून ऐकलेल्या कथा १८६८ मध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ या नावाने छापल्या. त्यांतील पंचकिनची कथा हीच आहे, आणि पुढे फ्रेझर यांनी देहाबाहेर ठेवलेल्या आत्म्याची चर्चा करताना ती जगापुढे मांडली. या कथांत पोपटाचा पाय मोडला की राक्षसाचाही पाय मोडतो, परंतु राक्षसाचा जीव काही अंशांनी कमी झाला, असे कोणी म्हणत नाही. जीव एकसंध आहे. तो असतो किंवा नसतो.

आकड्यात मांडलेला जीव प्रथम माणसांना मिळाला नाही. तो पलटणींना आणि जहाजांना मिळाला. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये युद्धाचा जो खेळ मांडला, त्यात फासे टाकून पलटणींची हानी गुणांत मोजली जाई आणि एक पंच निर्णय देई. पलटणीचा जीव संख्येत मांडणे अवघड नव्हते. ती मुळातच माणसांची संख्या असते. पुढे अमेरिकेत फ्लेचर प्रॅट यांनी १९४० मध्ये नौदलाच्या खेळाचे नियम प्रसिद्ध केले. त्यांत तोफा, चिलखत, वेग यांच्या सूत्राने प्रत्येक जहाजाची किंमत गुणांत काढली जाई, आणि बसलेल्या प्रत्येक गोळ्यागणिक ती घटत जाई. जहाजाच्या बाबतीत हे रास्तच होते. त्याला एक भोक पडले, दुसरे पडले, तरी ते काही काळ तरंगते आणि मग बुडते.

माणसाला जहाजाचा हिशेब लागू केला तो डेव्ह आर्नसन यांनी. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९७१ पासून त्यांच्याकडे ‘ब्लॅकमूर’ या काल्पनिक प्रदेशातला खेळ चाले. प्रत्येक खेळाडू सैन्य न चालवता एकच पात्र चालवी, त्याच्या वतीने बोले आणि निर्णय घेई. लढाईचे नियम मात्र जुन्या सैनिकी खेळातून आलेले होते : फासा पडला की समोरचा मेला किंवा वाचला. सैन्यातला एक मोहरा गेला तर कोणी हळहळत नाही. येथे मात्र खेळाडूंनी आपल्या पात्राला नाव दिले होते, आठवडेच्या आठवडे त्याच्यासोबत काढले होते. ते पात्र एका घावात नाहीसे व्हावे, हे त्यांना रुचेना. आर्नसन यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे की, या नाराजीवर उतारा म्हणून त्यांनी जहाजांच्या खेळातील हिट पॉइंटची कल्पना उचलली. आम्ही तिला या लेखापुरते ‘प्राणांक’ म्हणू. जानेवारी १९७४ मध्ये आर्नसन आणि गॅरी गायगॅक्स यांच्या नावाने ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या तीन पुस्तिका निघाल्या, आणि तेव्हापासून प्राणांक हा या खेळाचा कणा झाला आहे.

हिशेब कसा करतात तेही पाहू. मूळ १९७४ च्या नियमांत सर्वांसाठी सहा बाजूंचाच फासा होता. पहिल्या पायरीवरच्या योद्ध्याने तो टाकायचा आणि त्यात एक मिळवायचा; मांत्रिकाने नुसता टाकायचा. पुढच्याच वर्षी ‘ग्रेहॉक’ या पुरवणीने योद्ध्याला आठ बाजूंचा आणि मांत्रिकाला चार बाजूंचा फासा दिला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत योद्ध्याचा फासा दहा बाजूंचा आहे. पहिल्या पायरीला फासा टाकावाच लागत नाही, त्याचे सर्वोच्च दान धरायचे आणि त्यात देहाच्या काटकपणाची भर घालायची. काटकपणाच्या गुणांतून १० वजा करून निम्मे केले की ही भर निघते. म्हणजे १४ गुणांना २. तेव्हा अशा योद्ध्याचे प्राणांक १० अधिक २, म्हणजे १२. त्यापुढे प्रत्येक पायरीला फासा टाकावा किंवा ठरलेले ६ घ्यावेत, आणि पुन्हा २ मिळवावेत. दुसऱ्या पायरीला २०, तिसऱ्या पायरीला २८. मांत्रिकाचा फासा सहा बाजूंचा. काटकपणा १२ असेल तर भर १, आणि पुढे प्रत्येक पायरीचे ठरलेले ४. त्याची मांडणी ७, १२, १७ अशी होते.

या साध्या बेरजेत तीन गृहीतके दडलेली आहेत. पहिले असे की, अनुभवाने जीव वाढतो. जो अधिक लढला, अधिक सोसले, तो आधीपेक्षा अधिक घाव झेलू शकतो. दुसरे असे की, उरलेला जीव कितीही थोडा असला तरी सामर्थ्य पूर्णच राहते. २८ पैकी १ प्राणांक उरलेला योद्धा तलवार तितक्याच जोराने चालवतो. प्रॅट यांच्या जहाजाचा वेग आणि तोफा गोळ्यांगणिक घटत असत. ती झीज माणसाच्या हिशेबातून गळाली. तिसरे असे की, विश्रांती घेतली की झालेली हानी भरून निघते. हे वास्तवाला धरून नाही, याची जाणीव कर्त्यांनाही होती. गायगॅक्स यांनी १९७९ च्या मार्गदर्शक ग्रंथात स्पष्ट केले की, हा आकडा केवळ रक्तामांसाचा नाही. कौशल्य, दैव आणि दैवी कृपा यांचाही त्यात अंश आहे, आणि त्याच बळावर वीर शेवटच्या घावापर्यंत घाव चुकवत राहतो. दुसऱ्या काही खेळकर्त्यांना हे मान्य नव्हते. १९८१ च्या ‘कॉल ऑफ कथुलू’ या भयकथेच्या खेळात प्राणांक म्हणजे काटकपणा आणि देहाचा आकार यांची सरासरी, आणि ती अनुभवाने वाढत नाही. तेथील पात्रे वीर नाहीत, साधी माणसे आहेत.

शून्याचाही इतिहास येथे नोंदवला पाहिजे. १९७४ मध्ये शून्य म्हणजे मरण होते. १९७९ च्या नियमांत शून्याला पोचलेले पात्र मूर्च्छित होऊ लागले. दर फेरीला एक गुण गळत उणे दहापर्यंत ते जगे, आणि तेवढ्यात सोबत्यांनी जखम बांधली तर वाचे. २०१४ मध्ये शून्यावरही फासा उरतो : तीन वेळा अनुकूल दान पडले तर पात्र स्थिरावते, तीन वेळा प्रतिकूल पडले तर दगावते. म्हणजे या खेळाचा इतिहास हा शून्य दूर सारण्याचा इतिहास आहे. प्राणांक ही जीवाची मोजणी म्हणून जन्मालाच आली नाही. ज्याच्यावर लोभ जडला आहे त्याला चटकन जाऊ न देण्याची ती युक्ती आहे. घाव आणि मरण यांच्यामध्ये तिने अवकाश निर्माण केला. त्या अवकाशात पात्राला मागे फिरता येते, इतरांना धावून येता येते. पात्राला दीर्घ कथा मिळते ती यामुळेच.

खेळात हा आकडा कोणासाठी मांडला आहे, याविषयी संभ्रम नसतो. तो खेळाडूच्या कागदावर असतो, शिसपेन त्याच्या हाती असते, आणि पंच सर्वांच्या देखत बोलतो. खऱ्या देहांवर लावलेल्या आकड्यांविषयी हे तिन्ही प्रश्न नव्याने विचारावे लागतात : आकडा कोणासाठी, लेखणी कोणाच्या हाती, आणि शून्याच्या आधी कोण धावून येणार. हे प्रश्न घेऊन आपण आता डहाणू-तलासरीत येऊ.

आजचे डहाणू आणि तलासरी हे तालुके १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात आहेत. १९४५ मध्ये हा मुलूख ठाणे जिल्ह्यातील डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांत मोडत असे. येथील वारली आणि इतर आदिवासींच्या जमिनी सावकार-जमीनदारांच्या हाती गेल्या होत्या, आणि त्यांच्याकडून वेठबिगार घेतली जात होती. १९३० च्या दशकाच्या अखेरीस डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने मुंबई सरकारला दिलेल्या अहवालात या गुलामीची अधिकृत नोंद आहे. लग्नगड्याचा हिशेब सावकाराच्या वहीत असे. वाचकांनी येथे खेळातल्या नियमांची आठवण करावी. खेळात वर्षांगणिक जीव वाढतो. या वहीत वर्षांगणिक गड्याचे श्रम वाढत आणि कर्ज मात्र घटत नसे. खेळातला आकडा खेळाडूला वाचता येतो; ही वही ज्याच्याविषयी होती त्याला ती वाचता येत नव्हती. विश्रांतीचा रकाना तर त्या वहीत नव्हताच.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन भरले. तेथे वारली प्रतिनिधी गेले आणि शामराव व गोदावरी परुळेकर यांच्याशी त्यांचा संबंध जुळला. २३ मे १९४५ रोजी आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी सुमारे ५००० वारली जमले, आणि वेठ व लग्नगडी मोडून काढण्याचा निर्णय झाला. त्यानंतर प्रश्न मजुरीचा आला. गवतकापणीसाठी मागणी करण्यात आली ती ५०० पौंड गवताला अडीच रुपये, अशी. या मागणीचे महत्त्व रकमेपुरते नाही. श्रमाला माप आहे, ते माप उघड्यावर ठरले पाहिजे आणि राबणाऱ्याला ते तोंडपाठ असले पाहिजे, हे तीत प्रथमच सांगितले गेले. लेखणी हाती येण्याआधीच आकडा हाती आला. त्याची किंमतही मोजावी लागली : १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. गोदावरीबाईंनी ही सर्व कहाणी पुढे १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सांगितली, आणि १९७२ मध्ये त्या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्याच्या शीर्षकाकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो : ‘जेव्हा माणूस जागा होतो’. तेथे गडी हा शब्द नाही, माणूस आहे.

वही गेली, पण देह आकड्यात मांडण्याचे काम संपले नाही. त्याचा हेतू मात्र पालटला. १९७२ मध्ये भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मुलांच्या कुपोषणाच्या श्रेणी ठरवल्या. वयाला अपेक्षित वजनाच्या ८० टक्क्यांहून अधिक भरले तर मूल सर्वसाधारण. ७१ ते ८० पहिली श्रेणी, ६१ ते ७० दुसरी, ५१ ते ६० तिसरी, आणि त्याखाली चौथी. अपेक्षित वजन १० किलो धरले आणि मूल ६.८ किलो भरले, तर ६८ टक्के, म्हणजे दुसरी श्रेणी. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ निघाले त्याच १९७४ साली शाकिर आणि मॉर्ले या डॉक्टरांनी दंडाचा घेर मोजण्याची तीन रंगांची पट्टी ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. तिला वजनकाटा लागत नाही, वय विचारावे लागत नाही आणि अक्षरओळखही लागत नाही. आज सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११५ मिलिमीटरहून कमी भरला, तर ते मूल अतितीव्र कुपोषित मानले जाते.

१९९२ मध्ये शेजारच्या जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीची मुले दगावली, तेव्हा या आकड्यांचा अर्थ सबंध महाराष्ट्राला कळला. डहाणू आणि तलासरीही त्याच पट्ट्यातले, अनुसूचित क्षेत्रातले तालुके. तेथील अंगणवाडीच्या नोंदवहीत आजही प्रत्येक मुलाच्या नावापुढे वजन आणि उंचीचे रकाने असतात. खेळाच्या तिन्ही गृहीतकांचा खोटेपणा या वहीत उघडा पडतो. येथे थोडा जीव उरलेले मूल पूर्ण सामर्थ्याने लढत नाही. वजन घटते तशी रोगाशी झुंजण्याची ताकदही घटते, आणि गोवर किंवा अतिसार त्याच्यावर अधिक कठोरपणे तुटून पडतो. विश्रांतीने हानी भरून निघत नाही. त्यासाठी अन्न लागते, आणि ते वेळेवर लागते.

खेळाशी एक साम्य मात्र अस्वस्थ करणारे आहे. १९७५ च्या पुरवणीने योद्ध्याचा फासा बदलला आणि कोणी काही न करता त्याचा जीव वाढला. नोंदवहीतही असे घडते. जागतिक आरोग्य संघटनेची २००६ ची नवी मानके आपल्याकडे लागू झाली, तेव्हा तेच मूल, त्याच वजनाचे, एका गटातून दुसऱ्या गटात पडू शकत होते. वयाला वजन पाहायचे की उंचीला वजन, यावरही निकाल अवलंबून असतो. दीर्घकाळ अर्धपोटी राहून जे मूल उंचीनेच खुंटले, त्याचे वजन त्या खुजेपणाला शोभेसे असू शकते, आणि मग उंचीच्या मापाने ते धड दिसते. ज्याचे सर्वांत अधिक गेले त्याचेच खात्यावर काही गेलेले नाही, अशी ही स्थिती आहे. शिवाय पावसाळा सरला की कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि इतर मजुरीला गाव सोडून जातात. मुलाचे नाव एका वहीत राहते आणि मूल दुसऱ्या तालुक्यात. पट मांडलेला असतो आणि सोंगटीच त्यावर नसते.

याचा अर्थ आकडे फेकून द्यावेत, असा आम्ही काढत नाही. वारली भगत तांदळाचे दाणे पाहून आजाराचे कारण शोधतो. किती जीव उरला, हे तो सांगत नाही; कोण रुसले आहे, कोणाचे देणे राहिले आहे, हे सांगतो. आजारी माणूस एकटा नसतो, तो अनेक नात्यांत गुंतलेला असतो, ही त्या विचारातील खोल जाणीव आहे. परंतु ११५ मिलिमीटरची लाल खूण जे सांगू शकते, ते दाणे सांगू शकत नाहीत : अजून वेळ आहे, आणि तो थोडा आहे. खेळातल्या प्राणांकाने नेमके हेच केले होते. घाव आणि मरण यांच्यामध्ये त्याने वेळ निर्माण केला, आणि त्या वेळात सोबत्यांनी धावून यावे, ही अपेक्षा नियमातच गोवली.

तेव्हा मोजणी चांगली की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. सावकाराची वहीही मोजत होती आणि अंगणवाडीची वहीही मोजते. पहिलीतला आकडा गड्याला धरून ठेवण्यासाठी होता. दुसरीतला आकडा मुलाला सोडवण्यासाठी आहे. मात्र लाल खुणेनंतर ताटात काही पडले नाही, तर दुसरी वहीही कबड्डीच्या अमर प्रकारासारखी होते : गुण मांडला जातो, नोंद पक्की होते, आणि मैदानावर काहीच बदलत नाही. २०१५ मध्ये अनुसूचित क्षेत्रातील गरोदर व स्तनदा मातांसाठी सुरू झालेली आणि पुढे मुलांपर्यंत पोचवलेली अमृत आहार योजना ही नोंदीपुढचे पाऊल टाकण्याची खटपट आहे. तिचे मोल किती अहवाल गेले यावर ठरणार नाही. किती ताटे वेळेवर वाढली गेली, यावर ठरेल.

साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी यात एक काम शिल्लक आहे. वीरांचे मरण अटींत बांधणारी महाकाव्ये आपण वाचतो, आणि मरणाला कथानकाचा शेवट मानतो. ज्यांचे आयुष्य आकड्यांत लिहिले गेले त्यांच्या नोंदी मात्र आपण वाङ्मय म्हणून वाचत नाही. सिमिंग्टनचा अहवाल, गवताच्या पौंडांचा दर, वाढीचा तक्ता, ही एकाच मुलखाची एकापुढे एक लिहिलेली पाने आहेत. ती सलग वाचली तर लक्षात येते की, झरीला जमलेल्या माणसांनी मागितलेला नियम शाळेच्या पटांगणात आपल्या सर्वांना ठाऊक होता. एक गडी बाद झाला, तर दुसऱ्याच्या कष्टाने तो परत आत आला पाहिजे. तिला संजीवनी म्हणतात.